नो से ला कीते: स्पॅनिशमध्ये आज्ञा देताना सर्वनाम कुठे बसवायचं

माद्रिदला जाऊन पाच महिने झाले होते, तेव्हा फोडणीचं तेल माझ्या डाव्या मनगटावर उडालं. घराजवळच्या आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी मलम लावून पट्टी बांधली आणि शांतपणे दोन वाक्यं सांगितली. "नो से ला कीते आस्ता एल ब्येर्नेस. एल ब्येर्नेस, कीतेसेला."

'ब्येर्नेस' म्हणजे शुक्रवार, हे मला कळलं. 'कीतार' म्हणजे काढणं, हेही माहीत होतं. अडलं ते मधल्या 'से' आणि 'ला' पाशी. 'से' म्हणजे 'तो स्वतः, ती स्वतः' एवढंच मी शिकले होते, म्हणून मला वाटलं की शुक्रवारी दुसरं कोणीतरी पट्टी काढणार आहे. शुक्रवारी मुलीला शाळेत सोडून केंद्रात गेले आणि सव्वा तास बाकावर बसून राहिले. नंबर आला तेव्हा नर्सबाई मायेनं म्हणाल्या, अहो, ही तर तुम्ही घरीच काढायची होती, मी सांगितलं होतं की.

आता मी पुण्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी स्पॅनिश शिकवते. आज्ञार्थ आणि सर्वनामं हा धडा आला की फळ्यावर सगळ्यात आधी नर्सबाईंची ती दोन वाक्यं लिहिते. या विषयातलं जवळजवळ सगळं त्या दोन वाक्यांत आहे.

लिपीबद्दल थोडं सांगते. इथे मी स्पॅनिश शब्द देवनागरीत, माद्रिदच्या उच्चारानं लिहिते आहे. स्पॅनिशमधल्या 'बे' आणि 'ऊबे' या दोन्ही अक्षरांना मी 'ब'च लिहिते, कारण तिथे दोन्हींचा उच्चार एकच. 'ख' दिसेल तो घशातून काढायचा. 'थ' दिसेल तिथे जीभ दातांत येते; लॅटिन अमेरिकेत त्याच जागी साधा 'स' ऐकू येतो.

आधी 'नो' ऐका

वाक्यात 'नो' आहे की नाही, यावर सगळं ठरतं. 'नो' नसेल तर सर्वनामं क्रियापदाच्या शेपटीला चिकटतात आणि सगळ्यांचा मिळून एकच शब्द होतो. 'नो' असेल तर ती सुटी होऊन क्रियापदाच्या आधी येतात. 'दा' म्हणजे दे. 'दामे' म्हणजे मला दे. 'दामेलो' म्हणजे मला ते दे. आणि 'नो मे लो देस' म्हणजे मला ते देऊ नकोस.

हे शेवटचं वाक्य मराठीशेजारी ठेवून बघा. 'मे' म्हणजे मला, 'लो' म्हणजे ते, 'देस' म्हणजे देऊ. मराठीत आपण 'मला ते' याच क्रमानं बोलतो, म्हणजे नकाराचं वाक्य आपल्याला जवळजवळ आयतंच मिळालं आहे. होकाराचं वाक्य उलटं वाटतं खरं, पण हट्टाला पेटलेलं मूल 'दे मला ते!' असंच ओरडतं. 'दामेलो' त्याच क्रमात आहे, फक्त तीन शब्दांचा एक झाला आहे.

दुसरी गोष्टही मराठीनं आपल्याला आधीच शिकवून ठेवली आहे. आपण 'दे' म्हणतो, पण नकार आला की 'देऊ नकोस' म्हणतो. क्रियापदाचं रूप बदलतं आणि त्याचं आपल्याला नवल वाटत नाही. स्पॅनिशमध्येही 'दा'चं 'देस' होतं ते असंच. माझे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हमखास 'नो दामेलो' म्हणतात. मी त्यांना एवढंच सांगते, की माद्रिदच्या माणसाच्या कानाला ते 'मला ते दे नकोस' असं लागतं. मग चूक कुठे आहे हे त्यांचं त्यांनाच ऐकू येतं.

नकाराचं रूप करायची रीत थोडक्यात अशी. 'आर'नं संपणाऱ्या क्रियापदात 'आ'च्या जागी 'ए' येतो: 'कोम्प्रा' (विकत घे), 'नो कोम्प्रेस'. 'एर' आणि 'ईर'वाल्यांत 'ए'च्या जागी 'आ' येतो: 'कोमे' (खा), 'नो कोमास'. बरीचशी वाकडी क्रियापदं 'मी'च्या रूपावरून सरळ होतात. 'दीगो' म्हणजे मी सांगतो, म्हणून 'नो दीगास'. 'पोंगो' म्हणजे मी ठेवतो, म्हणून 'नो पोंगास'. 'तू'च्या होकारात मात्र आठ क्रियापदं आखूड आहेत, ती पाठच करावी लागतात: दी, आथ, बे, पोन, साल, से, तेन, बेन. म्हणजे सांग, कर, जा, ठेव, बाहेर ये, हो, घे, ये. यातलं 'से' म्हणजे 'हो'. आपल्या सर्वनामाशी त्याचं काही नातं नाही.

'उस्तेद'ला, म्हणजे आपल्या 'तुम्ही'ला, रूप एकच आणि ते होकारनकार दोन्हींत तसंच राहतं: 'दीगा', 'नो दीगा'. म्हणून मी वर्गात सुरुवात 'उस्तेद'पासून करते. पाठ्यपुस्तकं 'तू'पासून करतात. माझ्या मते ते मराठी माणसाच्या सोयीचं नाही. आपल्याला अहोजाहो अंगवळणी पडलेली असते, आणि 'उस्तेद' घेतलं की सगळं लक्ष सर्वनामाच्या जागेवर देता येतं. माद्रिदमध्ये अनोळखी माणसंही पटकन 'तू'वर येतात हे खरं, पण तोवर तुमची जीभ तयार झालेली असते.

माणूस आधी, वस्तू मागून

दोन सर्वनामं एकत्र आली तर ज्याला द्यायचं तो माणूस आधी आणि जे द्यायचं ती वस्तू नंतर. 'मे' (मला), 'ते' (तुला), 'नोस' (आम्हाला) आधी. 'लो', 'ला', 'लोस', 'लास' मागून. होकार असो की नकार, हा क्रम कधीच फिरत नाही. फक्त आख्खी जोडी क्रियापदाच्या पुढची मागे किंवा मागची पुढे सरकते. मी विद्यार्थ्यांना सांगते, या दोघांनी हात धरलेले आहेत, कुठेही गेले तरी हात सोडत नाहीत.

'लो' घ्यायचं की 'ला', हे वस्तूच्या स्पॅनिश लिंगावर ठरतं. इथे मराठी मदतीला येत नाही. मीठ आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे 'ला साल' स्त्रीलिंगी, म्हणून जेवताना 'पासामेला', मला ते इकडे दे. दूध, 'ला लेचे', हेही स्त्रीलिंगी, पण कॉफी, 'एल काफे', पुल्लिंगी. म्हणून शब्द पाठ करताना त्याचा 'एल' किंवा 'ला' बरोबरच पाठ करा. नंतर शिकायला फार वेळ लागतो.

आता सगळ्यांना छळणारी गोष्ट. 'त्याला ते दे' म्हणायचं तर 'ले' (त्याला, तिला) आणि 'लो' मिळून 'दालेलो' व्हायला हवं. पण तसं कधीच होत नाही. 'ले' किंवा 'लेस'च्या मागून 'लो, ला, लोस, लास' यांतलं कोणतंही आलं, की 'ले'चा 'से' होतो: 'दासेलो'. नकारात 'नो से लो देस'. याचं कारण जुनं आहे. मध्ययुगीन कास्तेयानोमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, ही जोडी 'झे लो' अशी ऐकू येईल अशा उच्चाराची होती. पुढे उच्चार बदलत गेले आणि तो 'झे' आत्मवाचक 'से'च्या रूपात मिसळून गेला. म्हणजे स्पॅनिशमध्ये एकाच वेषात दोन वेगळे 'से' फिरतात: एक 'स्वतःला'चा आणि एक 'त्याला'चा. माझा घोळ नेमका इथेच झाला होता, आणि तो सुटला मासळीच्या दुकानात.

एकच शब्द, दोन अर्थ

आम्ही क्वात्रो कामीनोसजवळ राहायचो. ब्राबो मुरीयो रस्त्यावरचा माराबीयास बाजार चालत दहा मिनिटांवर. मी मूळची वेंगुर्ल्याची. मासळीचे गाळे दिसले की पावलं आपोआप तिकडेच वळायची. पहिल्यांदा मी एक दोरादा घेतला. चकचकीत, कपाळावर सोनेरी पट्टा असलेला तो मासा. विक्रेत्यानं सुरी उचलली आणि विचारलं, "ले कीतो ला काबेथा?" म्हणजे, त्याचं डोकं काढू का? मला डोकं हवं होतं. डोक्याशिवाय कालवणाला चव कुठली? मी दोन्ही हातांनी 'नको, नको' केलं. शेजारी उभ्या असलेल्या आजींनी माझ्या वतीनं त्याला सांगितलं, "नो, नो से ला कीते."

मी थबकलेच. नर्सबाईंचं वाक्य जसंच्या तसं! एका अक्षराचाही फरक नाही.

घरी येऊन कागद घेऊन बसले. नर्सबाईंच्या वाक्यात 'ला' म्हणजे 'ला बेंदा', पट्टी. 'से' म्हणजे तुम्ही स्वतः, तुमच्या अंगावरची. अर्थ: ती अंगावरून काढू नका. मासळीवाल्याला सांगितलेल्या वाक्यात 'ला' म्हणजे 'ला काबेथा', डोकं. आणि 'से' म्हणजे मुळातला 'ले', त्या माशाला, माशाचं. अर्थ: त्याचं डोकं काढू नका. वाक्य तेच, 'से' मात्र दोन निराळे. तो नर्सबाईंकडचा आहे की मासळीवाल्याकडचा, हे फक्त समोर काय चाललं आहे त्यावरून कळतं. बरं, डोकं नकोच असतं तर उत्तर आलं असतं: "सी, कीतेसेला." शुक्रवारी पट्टी काढण्याचा हुकूमही हाच होता.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. आज्ञेत 'से' ऐकू आला की मनात दोन प्रश्न विचारायचे: काय? कोणाचं? 'लो' किंवा 'ला' पहिल्याचं उत्तर देतो, दुसऱ्याचं उत्तर समोरचा प्रसंग देतो. बोलणाऱ्यांनाही ही संदिग्धता जाणवते, म्हणून गरज पडली की ते शेवटी माणूस जोडतात: 'दासेलो आ एया', तिला दे.

याच्याशीच जोडलेली एक लकब आहे. माणसाचं नाव घेतलं तरी स्पॅनिश लोक 'ले' ठेवतातच: 'दीले आ तु माद्रे', शब्दशः 'तिला सांग तुझ्या आईला'. मराठीत हे जास्तीचं वाटतं, म्हणून आपण 'ले' गाळतो आणि मग वाक्य उघडंबोडकं ऐकू येतं. गाळू नका.

हात धुऊन घे, खाऊन टाक

आत्मवाचक क्रियापदं आपल्या लोकांना परकी वाटतात. 'स्येंताते' म्हणजे बस, पण शब्दशः 'स्वतःला बसव'. असं कोण म्हणतं? पण मुलीशी घरी बोलताना मला आढळलं की आपल्याकडेही ही सोय आहे, ती फक्त वेगळ्या कपाटात ठेवलेली आहे. आपण मुलांना 'हात धू' म्हणतो आणि 'हात धुऊन घे' असंही म्हणतो. त्या 'घे'त 'स्वतःचे, स्वतःसाठी' हा अर्थ आहे. स्पॅनिशमध्ये ते काम 'ते' करतो: 'लाबाते लास मानोस'. आणि हे लक्षात घ्या, तिथेही 'तुझे हात' म्हणत नाहीत, नुसतं 'हात' म्हणतात, अगदी आपल्यासारखं. कोणाचे हात, ते 'ते'नं सांगून टाकलेलं असतं.

'कोमे' म्हणजे खा, जेव. 'कोमेतेलो' म्हणजे खाऊन टाक. ताटात पडलेलं संपव, असं. 'बेबेतेलो', पिऊन टाक. 'बे' म्हणजे जा, आणि 'बेते' म्हणजे निघून जा. 'द्वेर्मे' म्हणजे झोप, 'द्वेर्मेते' म्हणजे झोपून जा बघू आता. मराठीतली 'घे, टाक, जा' ही सहायक क्रियापदं जी छटा देतात, ती स्पॅनिशमध्ये बऱ्याचदा 'ते'च्या एका अक्षरात येते. हे प्रत्येक ठिकाणी जुळेल असं नाही, पण जिथे जुळतं तिथे अर्थ लगेच मनात बसतो. मी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. स्वयंपाकघरात बोलता बोलता सापडलं, आणि वर्गात याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कोणत्याच तक्त्याचा होत नाही.

जागेचा नियम इथेही तोच. कोट घालताना: 'पोन्ते एल आब्रीगो', मग 'पोन्तेलो', आणि नकारात 'नो ते लो पोंगास'. बूट काढताना: 'कीतातेलोस', 'नो ते लोस कीतेस'. बसताना: 'स्येंताते', 'नो ते स्येंतेस'. क्रमात आत्मवाचक 'ते' आणि 'से' पुढे, वस्तू मागे. 'उस्तेद'ला 'ते' नाही, 'से' लागतो: 'स्येंतेसे', बसा.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. शाळेत जाऊन तीन महिने झाले नसतील, एका संध्याकाळी मी तिच्या हातातला लाकडी घोडा घ्यायला गेले तर ती किंचाळली, "नो मे लो कीतेस!" माझ्याकडून तो काढून घेऊ नकोस. 'मे' आधी, 'लो' नंतर, क्रियापदाचं रूप बदललेलं, सगळं बिनचूक. तिला कोणी नियम सांगितला नव्हता. तिनं ते वाक्य दिवसातून वीस वेळा खेळण्यांच्या कोपऱ्यात ऐकलं होतं. त्या वेळी मला पटलं की आज्ञा जोडीनं आणि आख्खी पाठ करायची, होकार आणि नकार एका श्वासात. 'दामेलो, नो मे लो देस.' 'दीमेलो, नो मे लो दीगास.' सुटं क्रियापद आणि सुटं सर्वनाम पाठ केलं तर ऐन वेळी ते जोडत बसायला सवड मिळत नाही.

आणि हो, नुसतं 'नो मे दीगास!' म्हणजे 'मला सांगू नकोस' नव्हे. ते आपलं 'काय सांगतेस!' आहे. त्यामुळे तुम्ही बातमी देत असताना कोणी असं म्हणालं तर थांबू नका, पुढे सांगा.

डोक्यावरची तिरकी रेघ

लिहिताना होणाऱ्या चुकांतल्या निम्म्या या रेघेच्या. स्पॅनिशमध्ये तिला 'तील्दे' म्हणतात. तत्त्व सोपं आहे: शेपटीला कितीही सर्वनामं चिकटली तरी आवाजाचा जोर मूळ क्रियापदाच्या जागेवरून हलत नाही. स्वरानं, 'न'नं किंवा 'स'नं संपणाऱ्या शब्दात जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो आणि तेव्हा रेघ नको. जोर शेवटून तिसऱ्या किंवा त्याही आधीच्या अक्षरावर गेला की रेघ हवीच.

'दा' एकाक्षरी. 'दामे'त 'दा' शेवटून दुसरा, म्हणून रेघ नाही. 'दामेलो'त 'दा' तिसरा झाला, आता रेघ द्या. 'दी, दीमे, दीमेलो' यांचंही तेच. 'कोम्प्रा' मात्र मुळात दोन अक्षरांचं, म्हणून एक सर्वनाम लागून 'कोम्प्रालो' झालं तरी 'कोम्'वर रेघ येते. म्हणजे एकाक्षरी क्रियापदाला रेघ दुसऱ्या सर्वनामाबरोबर येते, मोठ्या क्रियापदाला बहुधा पहिल्याच सर्वनामाबरोबर. 'एस्ताते', म्हणजे 'एस्ताते क्येता', शांत बस, हा अपवाद, कारण त्याचा जोर मुळातच शेवटच्या अक्षरावर आहे.

जुन्या पुस्तकांत 'देमे' (मला द्या) आणि 'एस्ताते' यांवर रेघ दिसेल. ती चूक नव्हे. रॉयल स्पॅनिश अकादमीनं १९९९ च्या शुद्धलेखन नियमांत ठरवलं की चिकटलेल्या रूपांनाही सर्वसाधारण नियमच लावायचा, तेव्हापासून ती रेघ गेली.

बोलताना या रेघेचा अर्थ एवढाच, की 'दामेलो'त 'दा' ठासून म्हणा, 'मेलो' हलकं सोडा. मराठीत जोर असा एका अक्षरावर बसत नाही, आपण सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणतो, म्हणून सुरुवातीला टाळी वाजवून म्हणा: एक टाळी, जोराच्या अक्षरावर.

अनेकांना आज्ञा देताना

स्पेनमध्ये मित्रमंडळींना, मुलांना 'बोसोत्रोस' म्हणतात आणि त्याची आज्ञा 'द'नं संपते: 'सेंताद'. तिला 'ओस' (बोसोत्रोसचा 'स्वतःला') चिकटला की तो 'द' गळतो: 'सेंताओस', बसा रे. 'बेस्तीद'चं 'बेस्तीओस', कपडे घाला. पण 'द' फक्त 'ओस'च्याच पुढे गळतो. 'दादमे' (मला द्या) मध्ये तो जागेवर असतो. 'जा'चं 'ईदोस' हा अपवाद, तिथे 'द' टिकतो. प्रत्यक्षात 'ईदोस' फार थोडे लोक म्हणतात. लोक 'ईरोस' म्हणतात, आणि २०१७ मध्ये अकादमीनं तेही मान्य केलं. ही मुभा त्या एका शब्दापुरतीच. बागेत आया 'सेंतारोस' म्हणताना ऐकू येतील, पण परीक्षेत तसं लिहू नका. लॅटिन अमेरिकेत जाणार असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. तिथे सगळ्यांनाच 'उस्तेदेस', म्हणजे 'स्येंतेन्से'.

'आपण'च्या आज्ञेत 'स' गळतो: 'बामोस' अधिक 'नोस' म्हणजे 'बामोनोस', चला निघूया. 'सेंतेमोनोस', बसूया.

एक नवलाची गोष्ट सांगायलाच हवी. 'साल', बाहेर ये, याला 'ले' जोडला तर होणारा शब्द बोलता येतो पण लिहिता येत नाही! दोन 'ल' शेजारी आले की स्पॅनिशमध्ये त्यांचा उच्चार 'य'सारखा होतो आणि शब्दच बदलतो. तो लिहायची कोणतीही मान्य रीत नाही, असं अकादमीनंच सांगितलेलं आहे.

बुएनोस आयरेसला 'तू'च्या जागी 'बोस' चालतं आणि जोर एक अक्षर पुढे सरकतो: 'स्येंताते'च्या जागी 'सेन्ताते', 'ता'वर जोर, रेघ नाही. 'दीमे'च्या जागी 'देसीमे'. मेक्सिकोच्या बाजारात विक्रेते 'पासेले, पासेले' म्हणत बोलावतात. त्यातला 'ले' कोणालाच उद्देशून नाही. आपल्या 'या, या'सारखं समजा.

औषधाच्या बाटलीवर

घरात स्पॅनिश लेबल असलेली बाटली असेल तर ती हातात घ्या. 'आखीतेसे आन्तेस दे उसार.' 'मान्तेंगासे फ्वेरा देल आल्कान्थे दे लोस नीन्योस.' हा तिसरा 'से'. तो कोणाचाच नाही. मराठी लेबलवर आपण काय लिहितो? 'वापरण्यापूर्वी हलवावे.' 'लहान मुलांपासून दूर ठेवावे.' आपण 'आवे' लावून करणाऱ्याला अदृश्य करतो, ते 'से' लावून करतात. वर्गात मी हे एकदाच सांगते, पुन्हा कोणी विचारत नाही.

सराव कसा करायचा

घरातल्या तीन वस्तू निवडा. माझ्या वर्गात मीठ, किल्ल्या आणि पुस्तक असतात: 'ला साल', 'लास याबेस', 'एल लीब्रो'. समोर कोणीतरी बसवा. नवरा, बहीण, मैत्रीण, कोणीही. एक वस्तू हातात धरून ही शिडी चढा:

दामे ला साल.
दामेला.
नो मे ला देस.
दासेला आ तु एर्मानो.
नो से ला देस.

मग किल्ल्या घ्या आणि 'ला'चं 'लास' करत तीच शिडी पुन्हा. पुस्तकाला 'लो'. म्हणताना वस्तू खरंच पुढे करा, खरंच मागे ओढा. हात हलले की क्रम जिभेत मुरतो. रोज दहा मिनिटं पुरेत. दुसऱ्या आठवड्यात 'दा' काढून 'त्राये' (आण) घ्या: 'त्रायेमेलो, नो मे लो त्रायगास'. तिसऱ्यात कोट, बूट, चष्मा घेऊन 'पोन्तेलो' आणि 'कीतातेलो'. महिन्यानंतर सगळं 'उस्तेद'मध्ये फिरवा.

दुकानात जायची वेळ आली तर संकोच करू नका. स्पेनमध्ये आज्ञा उद्धट लागत नाही. 'पोंगामे मेद्यो कीलो दे तोमातेस', अर्धा किलो टोमॅटो द्या, हे आपल्या 'द्या हो'इतकंच साधं आहे. फोन उचलल्यावर पलीकडून 'दीगामे' ऐकू येईल, ते 'बोला'.

शेवटच्या दोन वर्षांत माराबीयासमधला तो मासळीवाला मला 'तू' म्हणायला लागला आणि मीही त्याला. मी गाळ्यापाशी पोचायच्या आधीच तो दोरादाचे खवले काढायला घ्यायचा आणि मी लांबूनच सांगायचे, "नो से ला कीतेस!" 'तू' आला म्हणून शेवटी 'स' वाढला, बाकी सगळं जिथल्या तिथे.